अकरा नावांची हजेरी

माघ अर्ध्यावर आला की आमच्या सड्यावरचा वारा वास बदलतो. पहाटे दरीतून धुकं चढत येतं, कलमांच्या बागांवर रेंगाळतं, मोहोराचा किंचित तुरट, किंचित मधाळ दरवळ अंगाला लावून घेतं आणि शाळेच्या गजांच्या खिडक्यांतून वर्गात शिरतं. मग उन्हं वर येतात, धुकं निघून जातं आणि वास तेवढा मागं राहतो, बाकांच्या फटींत, फळ्याच्या चौकटीत, मुलींच्या वेण्यांतल्या सुरंगीच्या वळेसरांत मिसळून. याच दिवसांत काजू मोहरतो, सावर पानं टाकून लाल फुलते आणि बागायतदार रोज सकाळी कलमाखाली उभा राहून वर बघतो, यातला मोहोर किती गळेल आणि किती धरेल याचा मनाशी अंदाज बांधत. मीही याच दिवसांत दहावीच्या वर्गाच्या दारात जरा जास्त वेळ थांबते.

जाण्याचा ऋतू आला.

मोठ्या शाळांत दहावीच्या तुकड्या असतात. आमच्याकडे अकरा मुलं आहेत, सात मुली आणि चार मुलगे. इतक्या थोड्या मुलांत कुणालाच लपता येत नाही, ना हुशारीला, ना आळसाला, ना दुःखाला. एक जण आला नाही तर सकाळच्या प्रार्थनेचा सूर बदलतो. दोन जणांचं भांडण झालं की सगळ्या वर्गाची हवा गढुळते आणि एखादीच्या घरी आजी गेली की बाकी सगळ्यांचे डबे त्या दिवशी अर्धेच संपतात. हजेरी घ्यायला मला वहीत बघावं लागत नाही. तीन नंबरच्या ‘हजर’मधला ह नेहमी धापेत विरतो, कारण ती खालच्या वाडीवरून पाणंदीची चढण चढून आलेली असते. पाच नंबरचा आवाज आठवीतल्या दिवाळीच्या सुट्टीत फुटला आणि पहिल्या दिवशी तो स्वतःच्याच आवाजाला दचकला होता. सात नंबर उत्तर देण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघते. बाहेर काय आहे ते मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. नऊ आणि दहा जुळ्या बहिणी. एकीचा आवाज चढता, दुसरीचा उतरता. दोघींचा मिळून एकच झोका पूर्ण होतो. आणि मग अकरा नंबर, जो ‘हजर बाई’ म्हणतो तेव्हा त्यातलं ‘बाई’ इतक्या मायेनं म्हणतो, की पुढचा तास सोपा होऊन जातो.

पाचवीत आले तेव्हा ही मुलं पावसाबरोबर आली होती. जून महिना, चिऱ्याच्या भिंतींना ओल चढलेली, दप्तरांवर प्लास्टिकच्या पिशव्या, छत्र्यांची पाणी गाळणारी रांग व्हरांड्यात. आमच्या वर्गांवर मंगलोरी कौलं आहेत. त्यांच्यावर आषाढातली सर कोसळायला लागली की शिकवणं थांबतं. माणसाचा आवाज त्या नादापुढं टिकत नाही. अशा वेळी मी खडू खाली ठेवते आणि आम्ही सगळे नुसते बसून राहतो. कुणी कौलाच्या फटीतून आलेल्या थेंबाखाली हात धरतं, कुणी पागोळ्या मोजतं, समोरचं मैदान बघता बघता तळं होतं, तळ्यात बेडकांची शाळा भरते, आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या नादात सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक विलक्षण निवांतपणा उतरतो. पुस्तकातलं किती त्यांच्या लक्षात राहील हे मी सांगू शकत नाही. पण एकत्र गप्प बसणं ही मुलं त्या कौलांखाली शिकली.

ते शिकणं पुढं कामाला आलं. पाचवीचं वर्ष संपता संपता, 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनामुळे शाळेची घंटा बंद झाली. सहावी जवळजवळ अख्खी घरात गेली, आणि घरात गेली म्हणणंही खरं नाही, कारण घरात रेंज नव्हती. रेंज होती सड्यावर, एका विशिष्ट कातळापाशी. तिथं ही मुलं मोठ्या भावाचा, बापाचा, शेजारच्या काकांचा फोन घेऊन बसायची; ऊन झालं की करवंदीच्या जाळीची सावली शोधायची, पाऊस आला की एका छत्रीखाली तिघंजण एका पडद्यात डोकं घालायची, आणि पलीकडून माझा आवाज तुटत तुटत त्यांच्यापर्यंत पोचायचा. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं शाळेची कौलं उडवली. कित्येक दिवस वीज नव्हती. मुलांच्या बापांनीच वर चढून कौलं शाकारली. ऑक्टोबरात शाळा पुन्हा भरली तेव्हा सातवीच्या वर्गात शिरलेली मुलं वीतभर उंच झाली होती, तोंडांवर मास्क होते, आणि हजेरीला मी नुसत्या डोळ्यांवरून नावं ओळखत होते. अकरापैकी अकरा. मी वही मिटली आणि कितीतरी वेळ काही बोलू शकले नाही.

त्या कातळावर नंतर मी एकदा गेले होते. संध्याकाळ होती, देवगडच्या बाजूला समुद्राची एक पातळ चंदेरी रेघ दिसत होती आणि कातळावर कुणीतरी दगडानं ओरखडून त्रिकोणाचं प्रमेय सोडवून ठेवलं होतं. बाजू, कोन, पक्ष, साध्य. शेवटची ओळ पावसानं पुसली होती. समोर दरी, दरीत गाव, गावात कौलांचे लालसर चौकोन, आणि त्यांतले कितीतरी चौकोन वर्षातून दहा दिवसच जागे होणारे, गणपतीत. या सड्यावरून गाव जितकं सुंदर दिसतं तितकं रिकामंही दिसतं. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात 8,68,825 माणसं होती, 2011 च्या जनगणनेत 8,49,651. राज्यात एकूण माणसं वाढत असताना आमच्याकडे ती कमी होत होती. आकडा कोरडा असतो. त्याच्या आत कुलुपं असतात, तुळशीवृंदावनाभोवती वाढलेलं रान असतं, आणि संध्याकाळी ओटीवर बसून एसटीच्या आवाजाकडे कान लावणारी म्हातारी माणसं असतात.

ही शाळाच मुळी जाणाऱ्यांनी बांधलेली आहे. परळ-लालबागच्या चाळींत, एका खोलीत, रविवारी गावच्या मंडळाची बैठक भरायची. गिरणीतली पाळी संपवून आलेले, केसांत कापसाचे तंतू अडकलेले लोक भिंतीला टेकून बसायचे आणि वर्गणीच्या वहीत आपल्या नावापुढं रक्कम लिहायचे. त्यांतल्या कित्येकांची शाळा चौथीत सुटलेली. आपण इंग्रजी पाटी वाचू शकत नाही, फॉर्मवर सही करताना हात थरथरतो, हे दुःख त्यांनी शहरात रोज गिळलं आणि त्याचं त्यांनी गावाकडे हायस्कूल केलं. चिरे गावच्या खाणीतले, खांद्यावरून वाहणारी माणसं गावची, पैसा चाकरमान्यांचा. ती वही अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. तिची पानं उलटताना 1982 येतं, गिरण्यांच्या संपाचं वर्ष, आणि त्या पानापासून पुढं कितीतरी नावांसमोरचे रकाने कोरे होत जातात.

शाळा मात्र चालू राहिली. आणि जाणंही. आधी माणसं मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांतून बोटीनं गेली, मग रात्रभर वळणं घेणाऱ्या एसटीनं, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून बोगद्यांमागून बोगदे ओलांडत. वाहनं बदलली, स्टँडवर उभ्या असलेल्या आईचे डोळे बदलले नाहीत. कोकणाचा इतिहासच असा निरोपांनी भरलेला आहे. पालगडचा एक मुलगा दापोलीच्या शाळेत गेला, पुढं औंधला, पुण्याला, मग शिक्षक होऊन थेट खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये. आणि 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून त्याच साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. पालगडचं अंगण, विहीर, ओले पाय टेकायला पसरलेले आईचे ओचे हे सगळं त्यांना तुरुंगाच्या भिंतीआड इतकं लख्ख दिसलं, की त्यानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी ते अंगण आपलं मानलं. दूर गेलेल्याच्या डोळ्यांत गावाला असा उजेड येतो. आपल्या मुलांना जाऊ देताना मी या उजेडाचा आधार घेते.

सेंड-ऑफची तयारी नववीकडे असते. क्रेप कागदाच्या झिरमिळ्या, फळ्यावर रंगीत खडूंची वेलबुट्टी, सरस्वतीच्या तसबिरीला झेंडूचा हार. यंदा, 2025 मध्ये, फेब्रुवारीच्या 21 तारखेलाच बोर्डाची परीक्षा सुरू होणार म्हणून समारंभ महिन्याच्या सुरुवातीच्याच शनिवारी ठेवला. मुली आईच्या साड्या नेसून आल्या. रोज उड्या मारत पायऱ्या चढणाऱ्या त्या मुली निऱ्या सांभाळत, एकमेकींच्या पदराला पिन लावत, इतक्या हळू चालत होत्या की क्षणभर मला त्यांच्या जागी त्यांच्या आयाच दिसल्या. त्यांतल्या दोघी याच शाळेच्या, याच वर्गातल्या. मुलगे पांढऱ्या शर्टांत, केस ओले करून दाबून बसवलेले, हात कुठं ठेवावेत हे न कळणारे. स्वयंपाकघरात पहाटेपासून आयांचा राबता. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास आणि कढईतल्या वड्यांचा धूर व्हरांड्यातून वाहत होता आणि मोहोराच्या वासाला त्यानं थोडा वेळ बाजूला सारलं होतं.

प्रत्येक दहावी जाताना शाळेला काहीतरी देऊन जाते. कार्यालयातलं घड्याळ 2009 च्या मुलांचं, वाचनालयातला पंखा त्यांच्या पुढच्या कुणाचा, पाण्याचा फिल्टर त्याहून अलीकडचा, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात वर्ष घातलेलं. मी वेळ बघते ती कधीच्या गेलेल्या मुलांच्या घड्याळात बघते. उन्हाळ्यात अंगाला वारा लागतो तो आता मुंबईत रिक्षा चालवणाऱ्या, कुडाळला दुकान टाकलेल्या, कुठल्याशा जहाजावर स्वयंपाकी असलेल्या मुलांनी ठेवून दिलेला वारा असतो. या अकरांनी विकत काही आणलं नाही. एकाचे वडील चिरेखाणीवर आहेत. त्यांच्याकडून चिरे आले, सुट्टीच्या दिवसांत मुलांनी स्वतः माती कालवली आणि मैदानातल्या रायवळ आंब्याभोवती एक कट्टा बांधला. पाचवीच्या मुलांना बसून वाचायला. कट्ट्याची एक कड थोडी वाकडी आहे. ती तशीच राहू द्या, असं मी मुद्दाम सांगितलं, कारण त्या कडेवर अकराही जणांच्या बोटांचे ठसे सिमेंटमध्ये उमटलेले आहेत.

मग भाषणं. ‘आदरणीय व्यासपीठ’पासून सुरू होणारी, रात्री पाठ केलेली, घडी घातलेल्या कागदावरची. पहिली दोन-तीन वाक्यं सगळ्यांची सारखी असतात आणि मग एका वळणावर पाठांतर संपतं. तीन नंबर म्हणाली की चढण चढून येताना वर शाळेची घंटा ऐकू आली की पाय आपोआप भरभर पडायचे, आता कुठल्या आवाजानं पडतील? पाच नंबरला सहलीतला सिंधुदुर्ग किल्ला आठवला, पण किल्ला नव्हे, होडीतून परत येताना भिजलेल्या डब्यातली पोळी सगळ्यांनी कशी वाटून खाल्ली ते. जुळ्यांतली एक बोलायला उभी राहिली, रडायला लागली, आणि तिचं उरलेलं भाषण दुसरीनं जागेवरूनच पुरं केलं. आणि सात नंबर, जी इतक्या वर्षांत स्वतःहून एकदाही उठून बोलली नव्हती, ती व्यासपीठावर आली. कागद नव्हता. म्हणाली, “हजेरीच्या वेळी मी खिडकीतून बघायचे, कारण तिथून आमचं घर दिसतं. आई अंगणात दिसली की मला बरं वाटायचं. आई आजारी असायची ना.” तेवढंच बोलून ती खाली उतरली.

सभागृह म्हणजे आमचे तीन वर्ग, मधल्या फळ्या सरकवून एक केलेले. त्यात कुणी हललं नाही.

एका नावाला किती खिडक्या असतात! वर्षानुवर्षं रोज सकाळी मी तिचं नाव घेतलं आणि तिनं आधी आई आहे का ते बघून मग मला ‘हजर’ म्हटलं. माणूस हजर असतो म्हणजे नेमका कुठं असतो, हे मला त्या दुपारी पोटातून समजलं. मुलं वर्गात येतात ती एकटी येत नाहीत. घरचं दुखणं, गोठ्यातली व्यालेली गाय, बापाचं न आलेलं पत्र, शेतातलं पाणी, सगळं दप्तरात घालून येतात. आपण त्यांना शिकवतो तेव्हा त्या सगळ्याला शिकवत असतो. आणि ती जातात तेव्हाही एकटी जात नाहीत.

निकालाची चिंता आमच्याकडे फार नसते. कोकण विभागाचा निकाल राज्यात सगळ्यांत वर असतो; 2024 मध्ये तो 99.01 टक्के लागला. मुलं पास होतील. खरा प्रश्न त्याच्यापुढचा आहे. निकालानंतर कार्यालयात जनरल रजिस्टर उघडलं जाईल आणि मी शाळा सोडल्याचे दाखले लिहायला बसेन. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आईचं नाव, प्रगती, वर्तणूक. वर्तणुकीच्या रकान्यात आम्ही ‘चांगली’ असं लिहितो. त्या चिंचोळ्या रकान्यात पोळी वाटून खाणं मावत नाही, सड्यावरची छत्री मावत नाही, बहिणीचं अर्धं राहिलेलं भाषण पुरं करणं मावत नाही. मी ‘चांगली’ लिहिते, पण लिहिताना अक्षर जरा मोठं काढते. मग रेल्वे या मुलांना वाटून घेईल. कुणी कणकवलीच्या कॉलेजात, कुणी आयटीआयला, कुणी नालासोपाऱ्याच्या मामाकडे. तीन नंबरला नर्स व्हायचं आहे, तिला चढणीची भीती नाही. अकरा नंबर इथंच राहणार आहे, वडिलांच्या कलमांच्या बागेत. सगळे जात असताना राहण्याचं ठरवणं हाही एक मोठा प्रवास आहे, आणि त्यालाही निरोप द्यावा लागतो, कारण आजवरचा शाळेतला तो आता राहणार नाही.

समारंभ संपताना आभार झाले, वडे झाले, फोटो झाले. तेव्हा आमचे शिपाईकाका पुढं आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हात धुऊन, टोपी नीट करून, हातात नारळ घेऊन ते सरस्वतीसमोर उभे राहिले, आणि दिवसभर प्रमाण मराठीत अडखळत असलेल्या आमच्या त्या सभागृहात गावाची स्वतःची भाषा घुमली.

“बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या राखणदारा! आज ही अकरा लेकरां तुझ्या दारातसून भायर पडतत. तेंच्या वाटेर काय किडा-काटो आसात तो दूर कर, तेंच्या हाताक आनि डोक्याक येश दी. खंय पण जावंदेत, पोटाक मिळांदे, मान मिळांदे, आनि वर्साक एकदा तरी तेंका हय परत हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अकराही जणांनी एकदम, छाती फुटेपर्यंत उत्तर दिलं. भाषणात चाचरलेले, रडण्यानं घसे बसलेले, साडीत अवघडलेले, सगळे त्या होकारात मोकळे झाले. आया ओरडल्या, नववी ओरडली, मीही ओरडले. कौलांवरची कबुतरं उडाली.

मला माझ्या भाषणात जे सांगायचं होतं आणि सुचलं नव्हतं, ते काकांनी सांगून टाकलं होतं. पोरांनो, तुम्ही जावं म्हणूनच ही शाळा बांधली गेली. ज्यांनी आपल्या पगारातून हे चिरे उभे केले, त्यांना तुम्ही इथं अडकून पडायला नको होतात; सही करताना तुमचा हात थरथरू नये एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून तुमच्या जाण्याचं मी दुःख करणार नाही. तुमचं जाणं ही या शाळेची कमाई आहे, आणि तुमचं येणं हे तिचं सुख. गणपतीला या, जत्रेला या, पुढं आपली मुलं घेऊन या. शाळा तुमची वाट बघत रिकामी बसलेली नसेल. जूनमध्ये पाचवीला सात मुलं येणार आहेत, पावसाबरोबर, आणि मला त्यांची नावं पाठ करायची आहेत. तुमच्या कट्ट्यावर बसून.

जा पोरांनो. पेपरात पहिल्या पानावर नंबर नीट लिहा.

आणि सोमवारी नववीनं व्याकरणाच्या वह्या आणायच्या आहेत.